विमानांची थकहमी : महामारीत कोणी कोणाला सावरलं?



आज आपण विमान कंपन्यांबद्दल बोलणार आहोत. अहिल्यानगर जिल्ह्याला विमानाचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. आपला जिल्हा उसाचा, दुधाचा आणि दुष्काळाचा. पण कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाच्या शिवारात १ ऑक्टोबर २०१७ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून विमानधंद्यातली तेजी-मंदी आपल्याही शिवारात उतरते. तिथून उडालेलं पहिलं विमान अलायन्स एअरचं, म्हणजे सरकारी एअर इंडियाच्या उपकंपनीचं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

आता चार तारखा सांगतो. वर्ष २०२१, महिना ऑक्टोबर. ७ तारखेला घटस्थापना. त्या दिवशी राज्यातली मंदिरं दुसऱ्या लाटेनंतर उघडली, शिर्डीचं साईमंदिरही उघडलं. ८ तारखेला दिल्लीत जाहीर झालं की एअर इंडिया टाटांकडे जाणार. ९ तारखेला सिंधुदुर्गात चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि तिथेही पहिलं विमान उतरलं ते अलायन्स एअरचंच. १० तारखेला आपल्या काकडीच्या ओस पडलेल्या धावपट्टीवर पुन्हा विमानं सुरू झाली. लागोपाठ चार दिवस. वर्तमानपत्रांत या चार वेगवेगळ्या बातम्या होत्या. आमच्या मते ती एकच गोष्ट आहे, आणि तिचा प्रश्न असा : महामारीत विमान कंपन्या बुडायला लागल्या तेव्हा त्यांना कोणी सावरलं, कोणत्या अटीवर सावरलं, आणि ती मदत कुठल्या वहीत लिहिली गेली?

विमान कंपनी इतक्या लवकर का बुडते?

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, अर्थशास्त्र नाही. पण या धंद्याचं गणित आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळेल. विमानातली खुर्ची हा नाशवंत माल आहे. दुधासारखा. सकाळचं विमान रिकाम्या खुर्च्या घेऊन उडालं तर त्या खुर्च्या संध्याकाळी विकता येत नाहीत. दुधाची पावडर तरी करता येते, खुर्चीची पावडर होत नाही.

दुसरं, विमानं बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीची नसतात. ती भाड्यावर घेतलेली असतात आणि भाडं डॉलरमध्ये मोजावं लागतं. विमान उडो की जमिनीवर उभं राहो, भाडं चालूच. रुपया घसरला की भाडं वाढलं. इंधनाचा खर्च मोठा. आपल्याकडे विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही, त्यावर राज्यांचा व्हॅट लागतो.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पाथर्डी-शेवगावकडच्या लोकांना 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाण्याआधी मजूर मुकादमाकडून पैसे उचलतो आणि मग हंगामभर कामातून फेडतो. विमान कंपनी हेच करते, फक्त तिचा मुकादम म्हणजे प्रवासी. दोन महिन्यांनी होणाऱ्या प्रवासाचे पैसे ती आज घेते आणि त्या पैशांत आजचा पगार, आजचं इंधन भागवते. धंदा चालू असेपर्यंत हे चक्र फिरतं. विमानं एकदम थांबली की नवी उचल येत नाही आणि जुनी उचल देणाऱ्यांची रांग दाराशी लागते.

आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत विमानसेवा पूर्ण बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली २५ मेला, तीही एक तृतीयांश क्षमतेनं आणि सरकारनं ठरवलेल्या भाड्यांत. २०१९मध्ये देशात सुमारे १४.४ कोटी लोकांनी देशांतर्गत विमानप्रवास केला होता. २०२०मध्ये तो आकडा ६.३ कोटींवर आला. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं तर २७ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं बंद होती. इतका काळ उचलीवर चालणारा कुठला धंदा तगेल?

मागे वळून पाहू

महामारीनं हा धंदा दुबळा केला असं नाही. तो आधीपासूनच दुबळा होता, आणि सरकारनं त्यात हात घालण्याची परंपराही जुनी आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली डकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली. पैसेवाल्या मंडळींनी ती घेतली, परवाने काढले आणि भराभर विमान कंपन्या उभ्या केल्या. कंपन्या जास्त, प्रवासी कमी. १९४९मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. चार महानगरांतली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, तिथे टपालाची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत. कल्पना सुंदर होती, तरी कंपन्यांचा तोटा काही थांबेना. सरकारनं विमानाच्या पेट्रोलवरच्या करात सूट दिली. १९५०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीनं या धंद्याची तपासणी केली आणि जेवढी वाहतूक आहे त्यापेक्षा कंपन्या जास्त आहेत हे दाखवून दिलं.

शेवटी १९५३चा कायदा आला. डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स अशा आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल. जे. आर. डी. टाटांना हे मुळीच रुचलं नव्हतं. जो पंतप्रधान आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना भारताच्या इतिहासावर ग्रंथ लिहीत होता, त्याच नेहरूंच्या सरकारनं टाटांची कंपनी घेतली. आज आपण याला समाजवाद म्हणून नावाजतो किंवा नावं ठेवतो. पण हिशेबाच्या वहीत पाहिलं तर त्या आठांतल्या बऱ्याच कंपन्यांसाठी राष्ट्रीयीकरण ही सुटका होती. तोट्यातला धंदा सरकारनं मोबदला देऊन अंगावर घेतला. 'बेलआउट' हा शब्द तेव्हा कुणी वापरला नाही, इतकंच.

पुढचं भराभर सांगतो. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. २०१२मध्ये सरकारनं त्या कंपनीत टप्प्याटप्प्यानं ३० हजार कोटींहून अधिक भांडवल घालण्याची योजना मंजूर केली. त्याच वर्षी खासगी किंगफिशर बंद पडली. १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं. तिला सरकारनं पैसे दिले नाहीत, बँकांनीही हात आखडता घेतला. करोना यायला तेव्हा एक वर्षसुद्धा बाकी नव्हतं.

२०२० : बाकीच्या जगानं काय केलं?

अमेरिकेनं २७ मार्च २०२०ला कायदा केला. प्रवासी विमान कंपन्यांना फक्त पगारासाठी २५ अब्ज डॉलर, आणि तेवढ्याच रकमेच्या कर्जांची वेगळी सोय. पुढे आणखी दोन हप्ते मिळून पगाराची मदत ५४ अब्ज डॉलरपर्यंत गेली. अटी लेखी होत्या. ३० सप्टेंबरपर्यंत कुणाला कामावरून काढायचं नाही. वरिष्ठांच्या पगाराला मर्यादा. कंपनीनं स्वतःचेच शेअर विकत घेऊन भाव चढवायचे नाहीत. अट किती खरी होती ते मुदत संपल्यावर दिसलं : १ ऑक्टोबरला अमेरिकन आणि युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून ३२ हजार लोकांना घरी बसवलं. डिसेंबरमध्ये दुसरा हप्ता मंजूर झाल्यावर त्यांना परत बोलावलं.

जर्मनीनं लुफ्तान्साला ९ अब्ज युरोंचं पॅकेज दिलं, पण बदल्यात कंपनीचा २० टक्के हिस्सा सरकारनं घेतला. युरोपीय संघानं आणखी अट घातली की फ्रँकफर्ट आणि म्युनिकमधल्या काही उड्डाणांच्या वेळा प्रतिस्पर्ध्यांसाठी सोडा. कंपनी सावरली, पैसे परत आले, आणि २०२२मध्ये सरकारनं आपला हिस्सा विकला तेव्हा जर्मन जनतेच्या खात्यात ७६ कोटी युरो नफा जमा झाला. फ्रान्सनं एअर फ्रान्सला ७ अब्ज युरोंचा आधार देताना सांगितलं की जिथे रेल्वेनं अडीच तासांत जाता येतं तिथली देशांतर्गत विमानं कमी करा.

उलट ऑस्ट्रेलियानं व्हर्जिन ऑस्ट्रेलियाला १.४ अब्ज डॉलरचं कर्ज नाकारलं. २१ एप्रिल २०२०ला ती कंपनी प्रशासकाच्या हाती गेली आणि पुढे एका खासगी गुंतवणूकदारानं ती घेतली.

आता यात कोण बरोबर आणि कोण चूक, यावर वाद घालता येईल. जगभरच्या करदात्यांनी विमान कंपन्यांच्या भागधारकांना का पोसावं, हा प्रश्न रास्तच आहे. पण एक गोष्ट या सगळ्यांत समान आहे. दिलं तरी उघड दिलं आणि नाकारलं तरी उघड नाकारलं. रक्कम, अट आणि मुदत कुणालाही वाचता येत होती.

आपल्याकडे काय झालं?

आपल्या सरकारची भूमिका तशी स्पष्ट होती : थेट रोख मदत नाही. १६ मे २०२०ला अर्थमंत्र्यांनी आत्मनिर्भर भारताचा चौथा टप्पा जाहीर केला. त्यात विमानक्षेत्रासाठी काय होतं? हवाई मार्ग मोकळे करून वर्षाला सुमारे हजार कोटींची बचत, आणखी सहा विमानतळांचा लिलाव, विमानदुरुस्तीला उत्तेजन. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला जवळचा मार्ग दाखवून काय उपयोग, असं तेव्हा गमतीनं म्हटलं जायचं. तरी सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. चालत गावी निघालेल्या मजुरांचे लोंढे रस्त्यावर असताना विमान कंपन्यांना अब्जावधी देणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं, आणि जायला हवंही होतं.

मग विमान कंपन्या तगल्या कशा? आमचं म्हणणं असं की त्यांना मदत झालीच. फक्त तिला मदत म्हणायचं नाही असं ठरलं होतं. ही मदत चार ठिकाणांहून आली.

पहिली प्रवाशांकडून. विमानं रद्द झाली, पण तिकिटाचे पैसे परत देण्याऐवजी कंपन्यांनी ते 'क्रेडिट शेल'मध्ये ठेवले. म्हणजे पैसे आमच्याकडेच राहू द्या, पुढे कधीतरी प्रवास करा. याला साध्या मराठीत सक्तीचं बिनव्याजी कर्ज म्हणतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०२०च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की टाळेबंदीच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे परत द्या. आधी काढलेल्यांचे पंधरा दिवसांत द्या, आणि आर्थिक अडचणीमुळे ते जमत नसेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल चालेल, पण त्या रकमेत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का भर घाला. कायद्याच्या भाषेत त्याला प्रोत्साहन म्हटलंय. आम्हाला मात्र हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण प्रवाशाचे पैसे हे कर्ज आहे आणि कर्जाला मोबदला लागतो, हे त्यानं निदान आकड्यांत मान्य केलं. जे झाकलेलं होतं ते वहीत आलं.

दुसरी मदत कर्मचाऱ्यांकडून आली. पगारकपात, बिनपगारी रजा. जुलै २०२०मध्ये इंडिगोनं १० टक्के मनुष्यबळ कमी करत असल्याचं जाहीर केलं. २०२०-२१मध्ये त्या कंपनीचा तोटा ५,८०० कोटींच्या घरात होता, तेव्हा तिचीही ओढाताण खरीच. पण अमेरिकेत सरकारनं पगार भरले; आपल्याकडे पगार सोडून देणाऱ्यांनी कंपनी सावरली, आणि त्या सोडलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांना ना शेअर मिळाला ना व्याज.

तिसरी मदत हमीची. आपत्कालीन पतहमी योजना मुळात लघुउद्योगांसाठी होती. मे २०२१मध्ये तीत विमानक्षेत्र घेतलं, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये एका विमान कंपनीसाठी कर्जाची मर्यादा ४०० कोटींवरून १,५०० कोटींपर्यंत वाढवली. बँकेनं कर्ज द्यायचं, बुडालं तर सरकार भरणार. आपल्या जिल्ह्यात याला एकच शब्द आहे : थकहमी. साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य सरकार थकहमी देतं तेव्हा अग्रलेखांतून सहकाराचे वाभाडे निघतात. हीच गोष्ट विमानाच्या बाबतीत झाली तेव्हा ती तांत्रिक सुधारणा म्हणून आतल्या पानावर छापली गेली. अशी हमीची कर्जं घेतलेल्या कंपन्यांत गो फर्स्ट होती. २ मे २०२३ला तिनं इंजिनांच्या तुटवड्याचं कारण देत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २०२५मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

चौथी मदत सगळ्यात मोठी, आणि ती एअर इंडियाची. टाटांची बोली १८ हजार कोटींची. त्यातले १५,३०० कोटी हे कर्ज अंगावर घेण्यापोटी आणि २,७०० कोटी रोख. कंपनीवर एकूण कर्ज होतं ६१,५६२ कोटींचं. उरलेले ४६,२६२ कोटी एका वेगळ्या सरकारी कंपनीच्या नावे ठेवले गेले, म्हणजे तुमच्या-आमच्या. जमिनी-इमारतीही त्याच कंपनीकडे राहिल्या, त्यांची किंमत १४,७०० कोटींच्या आसपास धरली होती, हेही न्यायानं सांगितलं पाहिजे. आणि हे कर्ज काही महामारीनं केलेलं नाही, ते वर्षानुवर्षं साचलेलं होतं. तरी महामारीच्या काळात ते वहीच्या मागच्या पानावर गेलं ते गेलंच. आमची अलायन्स एअर विक्रीत नव्हती. तीही त्याच सरकारी कंपनीकडे राहिली. काकडीला आणि चिपीला पहिलं विमान घेऊन येणारी कंपनी विकत घेणाऱ्यांच्या यादीत नव्हती, यातून लहान गावांच्या विमानसेवेचं बाजारातलं मोल कळतं.

पुणतांब्याची फूटपट्टी

आता मूळ मुद्द्यावर येतो. शिर्डीपासून जवळच, राहाता तालुक्यात पुणतांबा आहे. १ जून २०१७ला तिथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २४ जूनला राज्य सरकारनं ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. काकडीच्या विमानतळाचं उद्घाटन त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी. त्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज भरावा लागला, आधार द्यावं लागलं, सेवाकेंद्राच्या रांगेत उभं राहून अंगठा लावावा लागला. मर्यादा दीड लाखाची. आणि देशभरातल्या बँकवाल्यांनी, अर्थतज्ज्ञांनी इशारा दिला की माफीनं कर्जदाराची शिस्त बिघडते.

हा युक्तिवाद खोटा नाही. तत्त्वज्ञानात आम्ही एक साधा नियम शिकवतो : एखादं कारण एका ठिकाणी लागू असेल तर तशाच दुसऱ्या ठिकाणीही ते लागू असलं पाहिजे, नाहीतर दोन्हींतला फरक दाखवून द्यायची जबाबदारी तुमची. माफीनं शिस्त बिघडत असेल तर ४६,२६२ कोटी मागे ठेवल्यानंही बिघडली असणार. आपत्ती ही शिस्तीबाहेरची गोष्ट आहे असं म्हणायचं असेल, तर अवर्षण आणि गारपीटसुद्धा आपत्तीच आहे. दोन्हीपैकी काहीही म्हणा, पण दोघांना एकच म्हणा.

फरक आहे तो असा की शेतकऱ्याची मदत नावानिशी, अर्जानिशी वहीत येते, म्हणून ती डोळ्यांत खुपते. विमानाची मदत क्रेडिट शेलमध्ये, बिनपगारी रजेत, हमीपत्रात वाटली गेली, म्हणून ती कुणाला दिसलीच नाही. ती देणाऱ्याला आपण दिलं हेही कळलं नाही, मग तो अटी कसा घालणार? जर्मन करदात्यानं २० टक्के मागितले कारण त्याला रक्कम माहीत होती.

त्याच २०२०मध्ये आपल्या राज्यात दुधाचं काय झालं ते आठवा. हॉटेलं बंद, लग्नं बंद, मागणी कोसळली. सरकारनं दिवसाला १० लाख लिटर जादा दूध २५ रुपये दरानं घेऊन त्याची पावडर करायचं ठरवलं. ती पुरली नाही, जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादक रस्त्यावर उतरले. पण ते उतरू शकले ते दर जाहीर होता म्हणूनच. २५ कबूल केले आणि पदरात किती पडले, हे विचारता आलं. वही उघडी असण्याचा फायदा हा.

ज्यांचं नाव कुठेच नाही

शिर्डीचं मंदिर १७ मार्च २०२०ला बंद झालं. संस्थाननं त्याच महिन्यात मुख्यमंत्री साहाय्यता निधीला ५१ कोटी रुपये दिले. नोव्हेंबरमध्ये दिवाळी पाडव्याला मंदिर उघडलं, एप्रिल २०२१मध्ये पुन्हा बंद झालं, ते थेट घटस्थापनेला उघडलं. विमानाचा प्रवासी शिर्डीला येतो तो दर्शनाला. मंदिर बंद तर विमान रिकामं. विमान रिकामं तर काकडीहून शिर्डीपर्यंतची गाडी रिकामी, लॉज रिकामं, फुलवाला आणि प्रसादवाला रिकामा. या साखळीत सर्वात वरच्या कडीला कर्ज देऊ करायला बँक होती आणि बँकेमागे सरकार उभं होतं. खालच्या कडीनं गाडीचा हप्ता थकवला तर दारात वसुलीवाला उभा.

म्हणजे विमान कंपन्यांना काहीच द्यायला नको होतं का? आमचं मत तसं नाही. न देण्याचीही किंमत असते. जेट गेली, गो फर्स्ट गेली, आणि आज देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त एकट्या इंडिगोकडे आहेत, उरलेल्यांतला मोठा वाटा एअर इंडिया गटाकडे. एखादी कंपनी इतकी मोठी झाली की पुढच्या संकटात तिला नाही म्हणणं सरकारला शक्यच होणार नाही. तेव्हा पुढची आपत्ती येईल, मग ती साथ असो, युद्ध असो की तेलाचा भडका, तेव्हा मदतीचा प्रश्न पुन्हा उभा राहणारच आहे.

त्या वेळी तीन गोष्टी विचारायच्या. मदत कोण देतंय, त्याचं नाव घ्या. प्रवासी देत असेल तर प्रवासी म्हणा. बदल्यात काय मिळणार ते आधी लिहा : हिस्सा, व्याज, किंवा नोकऱ्या टिकवण्याची लेखी हमी. आणि पुणतांब्याच्या शेतकऱ्याला जी फूटपट्टी लावली तीच इथे लावा. कडक लावायची तर दोघांनाही कडक, सैल तर दोघांनाही सैल.

पुणतांब्याहून काकडी फार लांब नाही. एका ठिकाणचं कर्ज अंगठा लावून माफ झालं, दुसऱ्या ठिकाणी विमानं उतरवणाऱ्या धंद्याचं कर्ज अंगठ्याशिवाय बाजूला काढलं गेलं. दोन्हींचे पैसे शेवटी गेले ते लोकांच्याच खिशातून. तेव्हा दोन्हींचा हिशेब मागण्याचा हक्कही लोकांचाच आहे, आणि तो मागायला विमानात बसलेलं असण्याची काही गरज नाही.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.